झाकणाच्या आतली बाजू

"बघ गं जरा, त्यांना काय हवंय ते. माझे हात भरलेत," मामी मोरीतून ओरडली.

हात भरलेत म्हणजे काय, कोपरापर्यंत काळे झाले होते. बाह्या सरसावून, पाय पसरून ती त्या लोखंडी खोक्यावर नुसती तुटून पडली होती. बाजूला सोड्याची पुडी, वाडग्यात रॉकेल, काथ्याची घासणी, आणि कुठून पैदा केला होता देव जाणे, काचकागदाचा एक तुकडा. डाग दिसला की मामीचं डोकं फिरतं. लहानपणी मी शाळेतून आले की ती आधी माझी कोपरं तपासायची आणि मग प्रगतिपुस्तक मागायची.

आतल्या खोलीत मामा "आं... आं..." करत होते. मी धावत गेले. झटका येऊन गेल्यापासून त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. कान मात्र शाबूत, डोळे शाबूत, आणि डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे डोकंही बरंचसं शाबूत. म्हणजे आपण बोलू ते सगळं त्यांना कळायचं. त्यांचं मात्र आपल्याला काही म्हणजे काही कळायचं नाही.

डाव्या हाताने ते पलंगाच्या कडेवर थापा मारत होते. मी पाणी पुढे केलं, त्यांनी तोंड फिरवलं. लघवीचं भांडं दाखवलं, मान जोरात हलवली. पंखा बंद केला, पुन्हा लावला, खिडकी उघडली. उशी हवी का, डास चावतोय का, पाठ दुखतेय का, कूस बदलू का, सगळं विचारून झालं. प्रत्येक प्रश्नाला एक "आं!" आणि एक थाप. डोळे तर माझ्याकडे नव्हतेच. ते दाराकडे लागले होते, आणि दारातून मोरीतली खरखर तेवढी ऐकू येत होती.

"मामी, मला काही कळत नाही बाई. तूच ये."

मामी भरलेले हात अधांतरी धरून दारात आली. "अहो, काय झालं? भूक लागली? आत्ताच तर दूध घेतलंत. आलेच हं. तुमचंच काम करतेय ना?" आणि गेली परत. खरखर सुरू झाली तसे मामाही पुन्हा सुरू झाले. मी त्यांचा हात हातात घेतला तर त्यांनी तो हिसकावून घेतला. या माणसाने माझ्यावर आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. मला रडू फुटलं, आणि मला रडू फुटलं की राग येतो. "सांगता येत नाही तुम्हाला, त्याला मी काय करू मामा?" मी चक्क ओरडले त्यांच्यावर.

थोड्या वेळाने मोरीतला आवाज थांबला. मामांचाही थांबला. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं.

"झोपले का?" मामी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत शोभेल असं ते खोकं दोन्ही हातांनी उचलून आणत म्हणाली. "बघ, कसं निघालंय. आता कोणाची टाप आहे याला भंगार म्हणायची!"

खरंच सुरेख निघालं होतं. मूळचा हिरवा रंग वर आला होता, पितळी पट्टी सोन्यासारखी दिसत होती, आणि झाकणाच्या आतली बाजू तर इतकी लख्ख की त्यात मामीचा चेहरा दिसत होता.

आता हे खोकं कुठून आलं ते सांगायला हवं.

आई गेल्यावर मी मामा-मामींकडेच वाढले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मामा बस डेपोत नंबर रंगवायच्या कामाला होते. बसच्या कपाळावरचा आणि पाठीवरचा आकडा, तो मामांच्या हातचा. साचा नाही, पट्टी नाही, नुसता ब्रश आणि पांढऱ्या ऑईलपेंटचा डबा. आठ काढताना ते श्वास रोखायचे. लहानपणी मी शेजारी उभी राहून माझाही रोखायचे. सगळं शहर त्यांचे आकडे वाचत बसमागे धावायचं, पण मामांना ओळखणारं कोण असणार? डेपोतला चहावाला सोडला तर कोणी नाही.

त्याआधी, लग्नाच्याही आधी, ते युद्धात वायरलेसवर होते. एवढंच आम्हाला माहीत. "मामा, बंदूक चालवलीत?" मी विचारायचे. "नाही हो साहेब, कानाला डबडी लावून बसायचो," ते म्हणायचे, आणि विषय संपायचा. मला ते साहेबच म्हणायचे, पुढे मी वीज कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर चिकटले तेव्हा म्हणाले, "बघ, मी उगाच म्हणत नव्हतो." युद्धाची म्हणून त्यांच्यात एकच खूण उरली होती. कोणीही काही बोललं की लगेच "ऐकलं!" म्हणायचं. मामी म्हणाली नळ गळतोय, की "ऐकलं!" दूध उतू चाललंय, "ऐकलं!" "नुसतं ऐकलं ऐकलं काय करता, उठा की!" मामी करवादायची. मामा शांतपणे पेपराचं पान उलटायचे.

आणि आता हा असा माणूस पडून. डॉक्टर म्हणाले, वाचा थोडीफार परत येऊ शकते, पण रोज बसून शिकवणारी माणसं लागतील आणि लवकर लागतील. अशी माणसं आमच्या आवाक्यातल्या एकाच जागी होती, माजी सैनिकांच्या दवाखान्यात. तिथे एक खाट रिकामी होत होती. मामीचंही वय झालं होतं. मामांची कूस बदलताना तिच्या तोंडून "आई गं" निघायचं आणि मी बघितलं की ती हसून म्हणायची, "सवय आहे गं, कण्हल्याशिवाय जमत नाही." ती खाट मिळाली नाही तर दोघांपैकी आधी कोण कोसळेल हे मला सांगता येत नव्हतं.

दवाखान्याच्या कचेरीतल्या माणसाने विचारलं, "युद्धात होते याचा पुरावा?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. अहो, पुरावा आणा हे वाक्य मी रोज खिडकीतून लोकांच्या तोंडावर फेकते! तसाच सपाट आवाज, तशीच न बघता बोलायची पद्धत. पलीकडे उभं राहिल्यावर कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. मामांचे कागद कुठल्याशा जुन्या घरात छत गळून लगदा झाले होते, आणि त्यांच्या तुकडीचं दप्तर युद्धातच जळालं होतं. "भरतीची नोंद असते," तो म्हणाला, "पण ती शिपाई नंबरावरून शोधतात. त्या नावाची ढिगाने माणसं आहेत. नंबर ठाऊक आहे?"

"नाही."

"त्यांना विचारा."

"त्यांना बोलता येत नाही, म्हणून तर आलेय ना!"

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. मग जरा मऊ झाला. म्हणाला, "घरात बघा. बिल्ला, टोपी, पट्टा, काही सामान. आमचे वायरलेसचे जुने साहेब गुरुवारी येतात, ते ओळखून देतील. त्यांनी शिफारस लिहिली तर काम होईल."

मग आम्ही घर उलथंपालथं केलं. माळ्यावर जुन्या गाद्यांच्या मागे ती ट्रंक निघाली. मामीला ट्रंक ठाऊक होती, उघडून मात्र कधी पाहिली नव्हती. "हात लावू द्यायचे नाहीत मेले मला. पुसते म्हटलं तर म्हणायचे, आहे तसं राहू दे." आत कानाला लावायची दोन डबडी, वायरचा गुंता, आणि हे खोकं. काजळी, कोळ्याची जाळी, तेलकट मळाचा थर, झाकणाच्या आत चुना सांडून वाळल्यासारखे पांढरट फरांटे. मामीच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी ओळखली. किती वर्षं ती त्या मळाच्या मागावर होती! "अशा अवतारात नेलंस तर साहेब काय म्हणतील? घरात बाईमाणूस नाही म्हणतील," ती म्हणाली आणि काचकागद शोधायला गेली.

मला तर ते पटलंच. साहेबांसमोर जायचं म्हणजे नीटनेटकं जायला नको?

गुरुवारी शेजारच्या वहिनींना मामांपाशी बसवून आम्ही दोघी खोकं घेऊन निघालो. मामीने ते धुतलेल्या चादरीत बांधलं होतं. मी एकटी जाते म्हटलं तर ऐकेना. "माझ्या नवऱ्याचं सामान आहे, मी येणार." तिथे गेल्यावर मात्र शिपायाने एकालाच आत सोडलं. मामी बाहेरच्या बाकावर बसली. चौकटीला दार नव्हतं, नुसता पडदा होता.

वायरलेसचे साहेब म्हणजे काडीसारखे बारीक, पांढऱ्या भुवयांचे, आणि ठार बहिरे. दोन्ही कानांत यंत्रं घालूनही बहिरे. "काय?" ते गरजले. "मोठ्याने बोला! आयुष्यभर कानात शिट्ट्या ऐकल्यात मी!"

मी ओरडून नमस्कार केला. ओरडून मामांचं नाव सांगितलं. सगळ्या व्हरांड्याला आमची हकिगत कळली असणार.

चादर सोडली मात्र, साहेबांचा चेहराच बदलला. खुर्चीतून उठले. बोटांनी बटणं फिरवून पाहिली, तबकडीवरची काच अंगठ्याने पुसली, मागचं पत्र्याचं दार काढून आतले काचेचे व्हॉल्व्ह एकेक न्याहाळले. "अरे वा," स्वतःशीच म्हणाले. स्वतःशी म्हणायचा त्यांचा आवाजही बाहेर रस्त्यावर जाईल असा. "युद्धातलाच. पक्का युद्धातला. हे बटणाभोवतीचं कडं बघितलंत? जाड हातमोजा घालून फिरवता यावं म्हणून. घरगुती रेडिओला असलं काही नसतं. अशा सेटवर मी बसलोय, बाई."

माझ्या जिवात जीव आला. मी पडद्याकडे पाहिलं. पडद्याखालून मामीच्या चपला दिसत होत्या. आनंदाने तिने पायांची बोटं हलवली ते मला इथून दिसलं.

"पण हा नुसता ऐकायचा," साहेब म्हणाले. "बोलायचं खोकं वेगळं. दोन्ही जोडीने असायची. बोलायचं बंद पडलं की मग बसायचं ऐकत. कोण कुठून हाका मारतोय, कोणाला काय हवंय, सगळं कानात येतंय, आणि आपण..." ते थांबले. भुवया खाली आल्या. "असो. म्हणून आमच्यात शिस्तच होती. निरोप आला की आधी सांगायचं, ऐकलं. मदत पोचो न पोचो, समोरच्याला निदान कळलं पाहिजे की कोणीतरी ऐकतंय."

मला पेपरामागचे मामा आठवले.

"आता मुख्य काम," असं म्हणून साहेबांनी झाकण उलटं केलं. खिडकीपाशी नेलं, तिरपं धरलं. चष्मा वर केला, खाली केला. मग सावकाश माझ्याकडे वळले.

"इथलं कुठे गेलं?"

"काय कुठे गेलं?"

"नंबर! सगळे सेट एका आईची लेकरं. घाईत, अंधारात अदलाबदल व्हायची. म्हणून ज्याच्या ताब्यात सेट, त्याने झाकणाच्या आत आपला शिपाई नंबर रंगवायचा. काडीने, दात घासायच्या ब्रशने, मिळेल त्याने. पांढऱ्या रंगात. प्रत्येक सेटवर असायचाच. इथे तर... हे घासलंय! काचकागदाने घासलंय! कोणी केला हा उद्योग?"

मी पडद्याकडे पाहिलं. चपला होत्या तिथेच होत्या. बोटं हलत नव्हती.

"हळू बोला ना साहेब," मी हळूच म्हणाले.

"काय? मोठ्याने बोला!"

"मी घासलं!" मी ओरडले. पडद्याकडे तोंड करून, शक्य तितक्या मोठ्याने ओरडले. "मळ होता, म्हणून मीच घासलं!"

मग साहेबांनी मला जे झापलं, ते माझ्या खिडकीवर येणाऱ्या लोकांनी बघितलं असतं तर त्यांचा आत्मा थंड झाला असता. शिकलेल्या दिसता, डोकं कुठे गहाण टाकलं होतं, हातात आलेला माणूस पुसून टाकलात! मी खाली मान घालून सगळं घेतलं. बोलू दे, म्हटलं, पाहिजे तेवढं बोलू दे, फक्त हळू बोलता आलं असतं याला तर किती बरं झालं असतं.

शेवटी ते थकून खुर्चीत बसले. आवाज जरा उतरला. "नुसत्या सेटवर मला लिहिता येत नाही, बाई. युद्ध संपल्यावर असले सेट भंगारात ढिगाने विकले. कोणीही उचलून आणले. तुमचे मामा खरे असतील, मी नाही म्हणत नाही. पण मला नंबर हवा. शिपाई एक वेळ बायकोचं नाव विसरेल, नंबर नाही विसरत. त्यांच्या डोक्यात तो असणार. डाव्या हाताने का होईना, लिहून आणा. नोंदीशी जुळला की खाट मी मिळवून देतो. माझा शब्द."

"पेन्सिल देऊन पाहिली साहेब. धरतच नाहीत. टाकून देतात."

"काय?"

"बघते म्हटलं!"

बाहेर आले तर मामी उभी होती, चादरीची घडी करायला हात पुढे करून. चेहऱ्यावर काही नाही. "काय म्हणाले?"

"असली खोकी भंगारातही मिळतात म्हणाले. नुसत्या खोक्यावर होत नाही."

"हं," मामी म्हणाली.

परतीची बस आली तिच्या कपाळावर मामांचा आकडा होता. आता नव्या बसना छापील चिकटपट्ट्या लावतात. ही जुनी होती, रंग तडकलेला. मामी त्या आकड्याकडे बघत चढली. खोकं मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. मला वाटलं, ऐकलं नसेल. बहिऱ्यासमोर ओरडून बोलत होतो, तरी मला वाटलं, देव करो आणि ऐकलं नसो.

"लग्न नवीन होतं तेव्हा," ती एकदम म्हणाली, खिडकीबाहेर बघतच, "सुट्टीच्या दिवशी मला फिरायला नेतो म्हणायचे आणि न्यायचे कुठे, तर भंगारबाजारात. तिथे ही असली खोकी रचून ठेवलेली असायची, माझ्या डोक्याएवढ्या उंच थप्प्या. मी मेली नवी साडी नेसून त्या गंजात उभी. हे एकेक खोकं खाली काढायचे, झाकण उघडायचे, आत बघायचे, मिटायचे. दुसरं काढायचे. मी म्हणायची, अहो, सगळी सारखीच तर आहेत, काय बघताय एवढं? तर नुसते हसायचे. किती सुट्ट्या अशा घालवल्या त्यांनी! मग एक दिवस हातगाडीवर हे घालून घरी आले. इतके खुश की मला उचललंच त्यांनी, शेजारपाजार बघत असताना. त्यानंतर त्या बाजाराचं नाव काढलं नाही कधी."

मी खिडकीबाहेर बघितलं. माझ्याने तिच्याकडे बघवेना. मला मोरीतली ती खरखर ऐकू येत होती, आणि पलंगाच्या कडेवरच्या थापा.

स्टॉप जवळ आला तेव्हा मामी म्हणाली, "तू कधी घासलंस गं? या घरात साधा कप विसळला नाहीस कधी."

मी तिचा हात धरला. रॉकेलने आणि सोड्याने कातडी फाटून गेली होती. तिने हात सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

घरी गेल्यावर ती मामांच्या खोलीत गेली नाही. स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे मागेपुढे करत राहिली. मीच मामांना दूध पाजलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "मामा, खोकं युद्धातलंच आहे म्हणाले साहेब. तुमचं कौतुक करत होते," मी म्हणाले. त्यांनी डोळे हळूच मिटले आणि उघडले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. दुपारी मामीने माळ्यावरून मामांची पत्र्याची पेटी काढली. त्यात त्यांचे ब्रश होते, केस धुऊन, तेल लावून, कापडात गुंडाळलेले. ऑईलपेंटचा एक डबाही होता; वरची साय फोडली तर आत रंग ओला निघाला. मामीने मामांना उशांना टेकवून बसवलं, कण्हली, हसली नाही. ते लख्ख झाकण त्यांच्या मांडीवर ठेवलं. मामांनी झाकणाकडे पाहिलं. त्यांच्या डाव्या हाताचं बोट आतल्या बाजूवरून फिरलं, एका जागी थांबलं, पुढे गेलं, पुन्हा मागे त्याच जागी आलं. मग हात थांबला.

"हो," मामी म्हणाली. "मीच घासलं. तुम्ही सांगत होतात त्या दिवशी, आणि मी दुधाचं विचारत होते." तिचा आवाज फुटला. "मला काय माहीत हो? मला मेलीला काय माहीत? एका शब्दाने कधी सांगितलं असतंत इतक्या वर्षांत..."

मामांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. झटक्यानंतर त्यांना उगाचही रडू येतं असं डॉक्टर म्हणाले होते, तेव्हा कशाचं ते कोण सांगणार? मामीने स्वतःच्या हाताने त्यांचे गाल पुसले, मग ब्रश रंगात बुडवला, डब्याच्या कडेला निथळवला, जसा ते निथळवायचे, आणि त्यांच्या डाव्या हातात दिला.

पेन्सिल टाकून देणाऱ्या त्या हाताने ब्रश धरला. खरंच धरला! तीन बोटांत, टोकाकडे, डेपोत धरायचे तस्साच. "नंबर, मामा," मी म्हणाले. "तुमचा शिपाई नंबर. लिहा हं, सावकाश."

मामांनी श्वास रोखला. मीही रोखला. ब्रश झाकणावर टेकला आणि वरून खाली एक रेघ आली. थरथरती, पण सरळ. पांढरी स्वच्छ रेघ. आकड्याची सुरुवात होती ती, यात मला शंका नाही. एकाची असेल, चाराची असेल, साताची असेल. मामी पुढे झुकली.

ब्रश पुढच्या रेघेसाठी उचलला गेला आणि हवेतच राहिला. मामा झाकणाकडे बघत होते, भुवया आक्रसून, कुठलंतरी ओळखीचं माणूस आठवत नसल्यासारखे. ब्रश हवेत फिरला, एकदा इकडे, एकदा तिकडे. कुठे टेकवायचा ते त्यांना सापडेना. "आं," ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं. "आं?" जणू आम्हालाच विचारत होते. आम्हाला कुठे माहीत होतं? मग हात खाली आला. ब्रश चादरीवरून घसरत पलंगाखाली गेला आणि रंगाचा एक लांब ओघळ फरशीवर पडला.

मी फडकं आणायला उठले. मामीने मला हाताने थांबवलं.

ती पलंगावर त्यांच्या शेजारी बसली, त्यांचा रंगाने भरलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाली, "ऐकलं. ऐकलं हो मी."

मामांनी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

पुढेही तिने खूप दुपारी ब्रश त्यांच्या हातात दिला. कधी एक रेघ यायची, कधी तीही नाही. ती खाट दुसऱ्या कोणालातरी मिळाली. साहेबांनी स्वतः कळवलं, आणि खाली लिहिलं होतं की नंबर मिळाला तर अजूनही या. हल्ली खिडकीवर मी लोकांना पुरावा आणा म्हणते तेव्हा निदान त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणते. दुसरं काय करणार?

फरशीवरचा तो ओघळ तसाच आहे. वाळून टणक झालाय. मामी अजून रोज घर पुसते, कानाकोपरा सोडत नाही. पलंगापाशी आली की फडकं उचलते, ओघळाच्या कडेकडेने पुसून घेते आणि पुढे जाते.